साल पाडण्याची यंत्रे व घट्ट सांध्याची रीत

शेतकऱ्यांच्या मासिकात सुतारकामाचा धडा कशास, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर त्यांच्या खळ्यातच पडलेले आहे. वखराच्या खोडात जानोळी ज्या भोकांत ठोकलेली असतात, तिफणीच्या दिंडात तिन्ही फण ज्या भोकांत उभे राहतात, बाजेच्या खुरांत गाते ज्या भोकांत शिरतात, त्या भोकास साल म्हणतात. आणि त्यात शिरणाऱ्या लाकडाच्या जिभेस कुसू म्हणतात. फणाची साल सैल झाली म्हणजे एक फण उथळ व दुसरा खोल चालतो, आणि पेरणी विषम होते, हे आमच्या वाचकांस कोणी शिकवावयास नको. सांध्याची किंमत शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणास क्वचितच कळत असेल.

लाकडी अवजारे आता पुष्कळशी मागे पडली. पण घराचे दरवाजे, खिडक्या, पलंग, मेज, कपाटे ही लाकडाचीच करण्याची हौस खानदेशात कायम आहे. शेताच्या बांधावर वडिलांनी राखलेला साग तोडून मुलीच्या लग्नाकरिता पलंग व कपाट करविणारी घरे आमच्या वरणगावच्या आसपास आजही आहेत. असा पलंग दोन उन्हाळ्यांत डुगडुगू लागला म्हणजे चाळीस वर्षे वाढलेले लाकूड फुकट गेल्याचे दुःख होते. अशा वेळी दोष बहुधा लाकडाकडे नसून सांध्याकडे असतो. दुसरे असे की, शेतीच्या जोडीस फर्निचरचा लहानसा कारखाना काढावा, असे आमच्यातील पुष्कळ तरुण बोलू लागले आहेत, आणि ते प्रथम साल पाडण्याच्या यंत्राचीच चौकशी करतात. म्हणून हे यंत्र काय करते, काय करू शकत नाही, आणि ते केव्हा परवडते, याचा विचार आम्ही येथे क्रमाने करीत आहो.

सांध्याचे बळ कशात असते

साल व कुसू यांच्या सांध्यास बळ तीन गोष्टींनी येते. पहिली, कुसवाचे दोन्ही गाल सालीच्या दोन्ही भिंतींस सर्वत्र टेकले पाहिजेत. सरस ह्याच भिंतींवर धरतो, कारण येथे दोन्ही लाकडांच्या उभ्या तंतूंच्या बाजू समोरासमोर येतात. सालीच्या दोन टोकांशी तंतूंची तोंडे कापलेली असतात. तेथे सरस नीट धरीत नाही. दुसरी गोष्ट कुसवाच्या खांद्याची. खांदा उभ्या लाकडावर चारही बाजूंनी सपाट बसला म्हणजे सांधा वाकडा होऊ पाहत नाही. तिसरी गोष्ट खोली. साल उथळ असेल तर कुसू तरफेसारखे हलते व भिंत फोडते. साल खोल असेल तर तोच जोर लांब भिंतीवर वाटला जातो.

कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश ठेवावी, असा जुना नियम आहे. ३६ मिलिमीटर जाडीच्या झडपेस १२ मिलिमीटरची साल योग्य होय. याहून रुंद केल्यास भिंती दुबळ्या होतात, अरुंद केल्यास कुसू मोडते. आरपार नसलेली साल कुसवाच्या लांबीपेक्षा सुमारे २ मिलिमीटर अधिक खोल असावी. ती जागा जादा सरसास व राहिलेल्या भुशास लागते. ती न ठेवल्यास कुसवाचे टोक तळास अडते, खांदा उघडा राहतो, आणि सुतार त्या फटीत लुकण भरून मोकळा होतो.

आणखी एक नियम सदैव स्मरणात ठेवावा: आधी साल, मग कुसू. पटाशीची रुंदी ठरलेली असते, ती कमीजास्त करता येत नाही. कुसू मात्र रंध्याच्या एका हाताने केसभर कमी करता येते. जो आधी कुसू कापतो, तो मग सालीच्या भिंती खरवडीत बसतो, आणि खरवडलेली भिंत कधी सरळ राहत नाही.

हाताची रीत

यंत्र समजण्यास हाताची रीत आधी समजली पाहिजे. सुतार लाकडाच्या दर्शनी बाजूकडून मोजून दोन समांतर रेघा ओढतो, दोन्ही टोकांच्या खुणा गुण्याने काटकोनात घेतो, व पटाशी मोगरीने ठोकून मधून आरंभ करतो. टोकाच्या रेघेपासून तो थोडा आत राहतो, कारण ढलपी उचकटताना पटाशी ज्या काठावर टेकते तो काठ दबतो; शेवटी एक सरळ घाव घालून तो दबलेला काठ काढून टाकतो. आरपार साल असेल तर अर्धी एका बाजूने व अर्धी दुसऱ्या बाजूने पाडतो, म्हणजे उलट बाजूच्या कपच्या उडत नाहीत.

कसबी हात असा असला की साल यंत्राच्या तोडीची होते. जुन्या वाड्यांतील खांब, तुळया व चौकटी ह्याच रीतीने जोडलेल्या आहेत. बैलगाडीचे लाकडी चाक तर ह्या विद्येची कठोर परीक्षाच होते. तुंब्याच्या गोल अंगात आऱ्यांच्या साली सर्व बाजूंनी सारख्या कोनात पाडाव्या लागत. मग तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून पाण्याने थंड केली, की ती आकसून सर्व आरे आत दाबी. एक साल तिरपी असली तर तो दाब चाकास वाकडे करी, आणि गाडी पहिल्याच खेपेस सुताराची कसूर सर्व गावास सांगे.

यंत्राचा थोडा इतिहास

साल पाडण्याचे काम यंत्राकडे देण्याची कल्पना फर्निचरातून आली नाही, आरमारातून आली. इंग्लंडातील पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या दोरांकरिता लाकडी कप्प्या हजारोंनी लागत. प्रत्येक कप्पीत चाक फिरण्यास एक खोल, अरुंद, सरळ साल लागे. सॅम्युएल बेंथम याने सन १७९३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांचे पेटंट घेतले होते. पुढे मार्क ब्रुनेल याने सन १८०१ मध्ये कप्प्यांच्या यंत्रांचे पेटंट घेतले, व हेन्री मॉड्स्ली याने ती यंत्रे लोखंडात घडविली. आधी गिरमिटाने एक भोक पाडावयाचे, आणि मग वरखाली चालणाऱ्या पटाशीने ते लांबवीत न्यावयाचे, अशी त्यातील साल पाडणाऱ्या यंत्राची रीत होती. सन १८०८ मध्ये तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या होऊ लागल्या, आणि पूर्वी ११० माणसांस लागणारे काम १० माणसे करू लागली.

ह्यातून दोन धडे निघतात. यंत्राचा लाभ एकाच मापाची वस्तू पुष्कळ वेळा करण्यात आहे, हा पहिला. आणि एकशेदहा माणसांचे काम दहांनी केले म्हणजे उरलेल्या शंभरांचे काय, हा प्रश्न यंत्राबरोबरच जन्मास येतो, हा दुसरा. त्याचा विचार शेवटी करू.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पायाने दाबून पटाशी वरखाली करण्याची यंत्रे पुष्कळ प्रचारात आली. त्याच शतकात पोकळ चौकोनी पटाशीत फिरते गिरमिट बसविण्याची युक्ती निघाली. आज लहान कारखान्यांतून जे यंत्र दिसते ते ह्याच युक्तीचे आहे.

चौकोनी पटाशीचे यंत्र

गोल फिरणारे गिरमिट चौकोनी भोक कसे पाडील, हे प्रथम पाहणारास कोडे वाटते. खरे पाहता फिरते ते फक्त गिरमिट. त्याच्या भोवती असलेली चौकोनी पोकळ पटाशी फिरत नाही. ती वरून दाबली जाते. गिरमिट मधला गोल भाग उकरून भुसा वर ओढते, आणि पटाशीच्या चार धारा राहिलेले चार कोपरे कापून आत लोटतात. तेही गिरमिट ओढून नेते. पटाशीच्या अंगास एक उभी खिडकी असते, तीतून भुसा बाहेर पडतो. कोपरे केवळ दाबाने कापावयाचे असतात, म्हणून ह्या यंत्रास लांब दांडा असतो. पटाशी जितकी मोठी तितका दाब अधिक लागतो. लहान यंत्रास अर्ध्यापासून एक अश्वशक्तीपर्यंतची मोटार असते. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर चार ध्रुवांची मोटार मिनिटास सुमारे १,४४० फेरे फिरते, व ही गती ह्या कामास योग्य आहे.

यंत्र बसविताना तीन गोष्टी नीट झाल्या तर पुढचे सर्व काम नीट होते.

पहिली गोष्ट गिरमिट व पटाशी यांतील अंतराची. गिरमिटाचे ओठ पटाशीच्या तोंडापेक्षा थोडे पुढे असले पाहिजेत; लहान पटाशीस सुमारे १ ते दीड मिलिमीटर, मोठीस २ मिलिमीटरपर्यंत. दोन्ही एकमेकांस घासली तर क्षणात तापतात, निळी पडतात, व पोलादाचे पाणी उतरते. अंतर ठेवण्याची सोपी युक्ती अशी: पटाशीचा खांदा व यंत्राची बैठक यांच्या मध्ये एक पातळ नाणे धरून पटाशी तात्पुरती आवळावी, गिरमिट पटाशीस टेकेपर्यंत वर सारून चकात पक्के करावे, मग पटाशी सैल करून नाणे काढावे व पटाशी बैठकीपर्यंत वर चढवून आवळावी. नाण्याच्या जाडीइतके अंतर आपोआप राहते. मोटार चालू करण्यापूर्वी गिरमिट हाताने एकदा फिरवून पाहावे.

दुसरी गोष्ट पटाशीच्या चौकोनाची. पटाशीची बाजू मागील आधारपट्टीस अगदी समांतर पाहिजे. ती किंचित वळलेली असली तर प्रत्येक भोक थोडे तिरपे पडते, व भोकांची रांग झाली म्हणजे सालीची भिंत करवतीच्या दात्यांसारखी दिसते. अशा भिंतीस कुसू फक्त दात्यांच्या टोकांवर टेकते, आणि वरून घट्ट वाटणारा सांधा आतून पोकळ राहतो. यास्तव लहान गुण्या आधारपट्टीस टेकवून पटाशीची बाजू तपासावी, व रद्दी लाकडावर दोनतीन भोके पाडून खात्री करावी.

तिसरी गोष्ट दर्शनी बाजूची. प्रत्येक लाकडाची एक बाजू रंधून दर्शनी ठरवावी, तीवर खूण करावी, व तीच बाजू सदैव आधारपट्टीस लावावी. आरपार साल दोन्ही बाजूंनी पाडताना लाकूड डोके-पाय उलटून फिरवावे, म्हणजे दर्शनी बाजू पुन्हा आधारपट्टीसच लागते. असे केल्यास पटाशी लाकडाच्या बरोबर मध्यावर नसली तरी दोन्हीकडील भोके मध्ये अचूक मिळतात. हा नियम मोडला तर सालीच्या मध्यभागी पायरी पडते, आणि कुसू अर्ध्यावर अडते.

भोकांचा क्रम

साल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग पाडीत जाण्याचा मोह होतो. तो आवरावा. पटाशीच्या एका बाजूस लाकूड व दुसऱ्या बाजूस पोकळी असली म्हणजे ती पोकळीकडे झुकते. साल खोल गेली तितकी तिरपी होते, आणि लहान पटाशी असली तर वाकते किंवा तडकते. म्हणून आधी दोन्ही टोकांची भोके पाडावी. मग मधली भोके एकाआड एक पाडावी, व दोहोंमध्ये पटाशीच्या रुंदीपेक्षा थोडे कमी लाकूड उभे राखावे. शेवटी ती उभी राहिलेली पाखे काढावी. ह्या रीतीने प्रत्येक वेळी पटाशीच्या दोन्ही बाजूंस सारखा आधार मिळतो. भुशाची खिडकी सालीच्या लांबीच्या दिशेस ठेवावी, म्हणजे भुसा मोकळ्या भोकात पडतो. भिंतीकडे ठेवल्यास तो तेथेच कोंदतो.

खोल साल एका दमात पाडू नये. १५ ते २० मिलिमीटर खाली गेले की दांडा उचलावा, भुसा निघू द्यावा, व पुन्हा दाबावे. धूर दिसला किंवा लाकूड काळे पडू लागले तर तीनपैकी एक कारण असते: धार गेली आहे, भुसा कोंदला आहे, किंवा नाण्याचे अंतर नाहीसे झाले आहे. दाब वाढविणे हा ह्यावर उपाय नव्हे. पटाशीला धार आतून, शंकूच्या आकाराच्या दगडाने लावतात. बाहेरच्या चार बाजू कधीही घासू नयेत. त्या घासल्या की माप बिघडते व पटाशी सालीत अडकू लागते.

प्रत्येक पटाशीस तिची पोहोच असते. लाकूड त्याहून जाड असेल तर दोन्ही बाजूंनी साल पाडावी. लांब पटाशी शोधून एका बाजूनेच हट्ट धरण्यात सरळपणा जातो.

साखळीचे व आडव्या गिरमिटाचे यंत्र

मोठ्या चौकटी, खांब व तुळया यांकरिता साखळीचे यंत्र असते. लांब पट्टीवरून दाते असलेली साखळी फिरते व एका उतरणीत लांब, खोल साल काढते. काम फार जलद होते; पण सालीचा तळ गोलसर राहतो, आणि साखळी जेथून बाहेर येते त्या काठाचे तंतू उपटले जातात. तेथे लाकडाचा ठोकळा दाबून धरावा लागतो. आरपार सालीस हे यंत्र उत्तम. नाजूक फर्निचरास नव्हे.

तिसरे यंत्र आडव्या गिरमिटाचे. यात पाते आडवे फिरते, व लाकूड ठेवलेले मेज मागेपुढे आणि डावीउजवीकडे सरकते. भिंती फार गुळगुळीत निघतात, पण सालीची दोन्ही टोके गोल राहतात. ती पटाशीने चौकोनी करावी, किंवा कुसवाच्या कडा गोल घासाव्या. सरस भिंतींवर धरतो, टोकांवर नाही, हे वर सांगितलेच आहे. म्हणून गोल टोकांमुळे सांधा दुबळा होत नाही. हातात धरावयाच्या रूटर यंत्रानेही अशीच साल होते. मात्र एका वेळी थोडे थोडेच खोल जावे. पात्याच्या व्यासाच्या पाचपटीहून अधिक खोली झाली म्हणजे पाते थरथरू लागते व भिंत लाटेसारखी होते.

ज्यास ह्यापैकी काहीच घेणे नाही, त्याने उभ्या ड्रिल यंत्राने ओळीने भोके पाडावी व मधले लाकूड पटाशीने साफ करावे. खोली व सरळपणा यंत्र देते, कोपरे हात देतो. लहान कामास ही मिश्र रीत फार सोयीची आहे.

लाकूड व खानदेशची हवा

यंत्र कितीही अचूक असो, ओल्या लाकडातील साल अचूक राहत नाही. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो व हवा कोरडी ठणठणीत असते. श्रावणात तीच हवा ओलीचिंब होते. पावसाळ्यात ओल्या लाकडाचा केलेला सांधा उन्हाळ्यात उघडतो, यात नवल नाही. कुसू आकसते, साल आकसते, पण दोघांचे तंतू एकमेकांस आडवे असल्याने ती सारखी आकसत नाहीत. म्हणून चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशा रचून वाळवाव्या. कारखान्यात आणल्यावरही काही आठवडे तशाच ठेवून मग मापास घ्याव्या. लाकडातील ओलावा शेकडा १० ते १२ च्या आसपास आला म्हणजे काम सुरू करावे. हे मोजण्याचे लहान यंत्र आता सहज मिळते.

सागात गारेसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. त्यात तेलही असते, म्हणून साल व कुसू ताजे असतानाच सरस लावावा. आठवडाभर पडून राहिलेल्या सागावर सरस नीट धरत नाही. बाभूळ व अंजन ही लाकडे फार कठीण. त्यांत पटाशी सावकाश दाबावी व वरचेवर उचलावी. आंब्याचे लाकूड मऊ असल्याने साल झटकन पडते, पण काठ चुरगळतो. तेथे धार तीक्ष्णच पाहिजे.

लाकूड आपल्या मालकीच्या जमिनीतील असले तरी कायद्याचे बंधन आहे. सन १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग व दुसरी काही झाडे तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, आणि वाहतुकीस वनखात्याचा पास लागतो. सातबारा उताऱ्यावर झाडांची नोंद आहे की नाही हे आधी पाहून ठेवावे. झाड पडल्यावर कागद गोळा करणाऱ्याची धावपळ आम्ही कचेरीत पुष्कळ पाहिली आहे. लाकूड चिरण्याची गिरणी घालण्यास वेगळा परवाना लागतो, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे. शेतीपंपाची वीजजोडणी कारखान्यास वापरू नये; तिची स्वतंत्र मागणी करावी.

परवडते केव्हा

आता हिशेब. खालील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत; वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून तीच रीत वापरावी.

समजा, यंत्र व पटाश्या मिळून ४०,००० रुपये पडले व ते १० वर्षे चालले. दर वर्षी झीज ४,००० रुपये. दुरुस्ती, धार व वीज २,००० रुपये. एकूण ६,००० रुपये. सुताराची आठ तासांची मजुरी ९०० रुपये धरू. हाताने एका सालीस १५ मिनिटे लागली तर दिवसाच्या ३२ साली होतात, व एक साल सुमारे २८ रुपयांस पडते. यंत्राने ३ मिनिटे लागली तर दिवसाच्या १६० होतात, व मजुरी सालीमागे सुमारे साडेपाच रुपये पडते. फरक साडेबावीस रुपयांचा. वर्षाचे ६,००० रुपये ह्या फरकाने भागिले म्हणजे सुमारे २६७ साली येतात. वर्षात इतक्या साली झाल्या तर यंत्र व हात सारखेच. त्याहून कमी झाल्यास यंत्र तोट्याचे. वर्षात १,२०० साली झाल्या तर यंत्राची साल सुमारे साडेदहा रुपयांस पडते.

साध्या झडपेस दोन उभ्या व तीन आडव्या पट्ट्या असल्या तर सहा साली लागतात. एका पलंगास चार पायांच्या मिळून आठ. ह्या हिशेबाने वर्षात चाळीसपन्नास झडपा करणाराने यंत्र घ्यावे; स्वतःच्या घराच्या दहा दरवाजांकरिता घेणाराने घेऊ नये. शिवाय यंत्र बसविण्यास व तपासण्यास प्रत्येक वेळी अर्धा तास जातो, तो वरील हिशेबात धरलेला नाही. एकाच मापाच्या चाळीस साली असल्या तर तो अर्धा तास जाणवत नाही; आठच असल्या तर यंत्र तपासून होईपर्यंत कसबी सुतार दोन साली पाडून मोकळा होतो.

माल घेणाऱ्यास परीक्षा

जे स्वतः काम करणार नाहीत, केवळ करवून घेणार आहेत, त्यांनी रोगण लागण्यापूर्वी माल पाहावा. कुसू हाताच्या दाबाने व मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेले पाहिजे. ते आपोआप पडत असेल तर सैल. जोराने हाणावे लागत असेल तर साल फुटेल. खांद्याच्या रेषेत कागद शिरता कामा नये. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावे. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही. सांध्यावर लुकण दिसले किंवा सांध्यातून खिळा मारलेला दिसला, तर आत काय आहे हे विचारावे. वरणगावात सन १९६४ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. मापाच्या साच्यातून न जाणारा नग परत जातो, हा धडा ज्यांच्या घरी कोणी तेथे काम केले त्यांस सांगावयास नको. लाकडाचाही असाच एक साचा करावा: योग्य जाडीचे एक कुसू, व त्याहून अर्धा मिलिमीटर जाड असे दुसरे. पहिले प्रत्येक सालीत गेले पाहिजे, दुसरे कोणत्याही सालीत जाता कामा नये.

जपणूक

हे यंत्र करवतीसारखे भयंकर दिसत नाही, म्हणूनच फसवे आहे. लाकूड शिकंज्याने पक्के धरल्यावाचून दांडा दाबू नये. वर उचलताना पटाशी लाकडास बरोबर ओढते, तेव्हा दाबपट्टी लावलेलीच असावी. हातमोजे, उपरणे, सैल बाह्या, गळ्यातील माळ व हातातील कडे फिरत्या गिरमिटाजवळ नकोत. अडकलेला भुसा मोटार बंद केल्यावर काडीने काढावा, बोटाने नाही. डोळ्यांस चष्मा व नाकास फडके किंवा मुखपट्टी लावावी. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने सन १९९५ मध्ये दिलेला आहे. विजेची भूजोडणी तपासून घ्यावी, आणि मुलांस आत येऊ देऊ नये.

गावच्या सुताराचे काय

पोर्ट्समथचा प्रश्न आता आपल्या दारी येतो. बलुत्याच्या व्यवस्थेत सुतार शेतकऱ्याचे अवजार नीट करी, व शेतकरी त्यास खळ्यावर धान्य देई. ती व्यवस्था गेली. लाकडी वखर व चाके गेली. बलुत्यावर जगणारा सुतारही गेला. जो राहिला आहे त्यास यंत्राने हुसकावावे काय? आमचे मत असे की, यंत्र त्याच्याच हाती द्यावे. लाकडाचा तंतू कोणीकडे धावतो, गाठ कोठे आहे, कोणती बाजू दर्शनी घ्यावी, सांधा कोठे दुबळा पडेल, हे यंत्रास कळत नाही. पलंगाच्या पायात दोन बाजूंनी येणाऱ्या साली मध्ये मिळाल्या तर पाय पोकळ होतो. त्या थोड्या वरखाली घ्याव्या, की कुसवांची टोके तिरपी कापावी, हा निर्णय माणसाचा आहे. यंत्र केवळ पंचाहत्तर घावांचे श्रम वाचविते.

यास्तव एकट्या धनिकाने यंत्र घेऊन सुतारास मजूर करण्यापेक्षा, दोनचार सुतारांनी मिळून, किंवा शेतकऱ्यांच्या सोसायटीने ठेवून सुतारांस तासाच्या भाड्याने दिलेले यंत्र अधिक हिताचे होईल. वरच्या हिशेबातील २६७ साली एकट्यास जड जातील, पाच जणांस सहज होतील. मात्र अशा सामाईक यंत्राची एक वही ठेवावी: कोणी घेतले, किती साली पाडल्या, पटाशी कोणत्या स्थितीत परत आली. सामाईक वस्तू वापराने क्वचितच मोडते, बेवारशीपणाने मात्र हटकून मोडते. ज्या गावात ही वही रोज लिहिली जाईल त्या गावाने यंत्र अवश्य घ्यावे. जेथे वही लिहिण्यास कोणी तयार नसेल, तेथे सध्या चांगली पटाशी, चांगली मोगरी व कसबी हात यांवरच विश्वास ठेवावा. त्यांनी पाडलेली साल आजही कोणत्याही यंत्राच्या सालीस हार जात नाही.